लहान बाळ असलेल्या घरासाठी जुनी गाडी घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची मुलगी आठ महिन्यांची होती तेव्हा आम्ही पुण्यात जुनी गाडी शोधायला सुरुवात केली. तीन महिन्यांत चौदा गाड्या पाहिल्या आणि पंधरावी घेतली. तेव्हापासून नात्यातलं किंवा सोसायटीतलं कुणी गाडी बघायला निघालं की मला सोबत नेतात, आणि मीही आवडीने जाते. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आकडे आणि उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत.

आमचं बजेट पाच लाख आहे. म्हणजे पाच लाखांची गाडी बघायची ना?

नाही, सव्वाचार लाखांची बघायची. उरलेले पाऊण लाख गाडी घरी आल्यावर पहिल्या दोन महिन्यांत लागतात. नाव बदलायचा खर्च आणि इन्शुरन्स असतो, टायर झिजलेले असतील तर चार टायर, बॅटरी, सगळी ऑइलं आणि फिल्टर, शिवाय बाळाचं कार सीट. हे पैसे बाजूला नसतील तर लोक पहिली काट बाळाच्या सीटवर मारतात. म्हणून मी आधी त्या सीटचे पैसे वेगळे काढायला सांगते.

कर्ज काढणार असाल तर जुन्या गाडीचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा जास्त असतो हे धरून चाला. तीन लाख रुपये १३ टक्क्यांनी घेतले तर तीन वर्षांसाठी हप्ता साधारण १०,१०० रुपये बसतो आणि व्याज ६४ हजारांच्या आसपास जातं. तेच कर्ज पाच वर्षांचं केलं तर हप्ता ६,८०० होतो, पण व्याज एक लाख नऊ हजारांवर जातं. घरात लहान मूल असताना महिन्याला हात मोकळा राहावा असं वाटणं स्वाभाविक आहे, तरी सात वर्षं जुन्या गाडीवर पाच वर्षांचं कर्ज घेऊ नका. हप्ते चालू असतानाच क्लच आणि सस्पेन्शनचं काम निघतं.

किती वर्षं जुनी गाडी चालेल?

वयापेक्षा काही तारखा लक्षात ठेवा. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारा आवाज आणि मागचे पार्किंग सेन्सर आले. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराच्या प्रदूषणाचा कडक नियम आला. पुढच्या डाव्या सीटची एअरबॅग सगळ्या गाड्यांना सक्तीची व्हायला २०२१ चा डिसेंबर उजाडला.

म्हणून बजेट जमत असेल तर २०२२ नंतरची गाडी, नाहीतर २०१९ च्या उत्तरार्धातली, असं मी सांगते. त्याआधीची घेतलीत तर एअरबॅग आणि एबीएस असलेलं वरचं मॉडेलच घ्या. इथे एक फसगत होते. '२०१९चं पासिंग' म्हणजे २०१९ मध्ये झालेली नोंदणी, गाडी २०१९ मध्येच बनलेली असते असं नाही. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष वेगळं लिहिलेलं असतं, तेच धरा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि पर्यावरण कर भरावा लागतो. बारा-तेरा वर्षांची गाडी स्वस्त मिळते ती याच कारणाने.

कोणती गाडी घ्यावी ते एकदा सांगून टाका.

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो, आणि मी तो मुद्दाम मागे ठेवते. पाच वर्षांच्या वापरानंतर दोन गाड्यांत जो फरक दिसतो तो कंपनीचा कमी आणि मालकाचा जास्त असतो. वेळेवर सर्व्हिसिंग झालेली साधी गाडी हयगय झालेल्या नावाजलेल्या गाडीपेक्षा कधीही बरी.

तरीही नावं हवीत तर घ्या. होंडा अमेझचं २०१८ नंतरचं पेट्रोल मॉडेल मला बाळ असलेल्या घरासाठी फार आवडतं. डिकी ४२० लिटरची आहे, त्यामुळे प्रॅम घडी करून ठेवली तरी दोन बॅगा मावतात, आणि गाड्या आदळवून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत तिला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी चार तारे मिळाले होते. टाटा टियागोलाही २०२० मध्ये चार तारे मिळाले, पण डिकी लहान. नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये पाच मिळाले. वॅगनआर उंच असल्यामुळे बाळाला सीटवर ठेवताना पाठीत वाकावं लागत नाही. बाळंतपणानंतर कंबर दुखत असलेल्या बाईला हे फार मोलाचं वाटतं. तिचा देखभालीचा खर्चही कमी, आणि पार्ट गावोगावी मिळतात. पण २०१९ च्या चाचणीत तिला दोनच तारे मिळाले होते, हेही माहीत असू द्या. आजी-आजोबा सोबत राहत असतील आणि गावी जाणं-येणं असेल तर अर्टिगा बघा.

तारे बघताना चाचणीचं वर्षही बघा. २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपचे निकष कडक झाले, त्यामुळे त्याआधीचे चार तारे आणि आताचे चार तारे सारखे नाहीत.

ज्या कंपन्यांनी भारतातली विक्री थांबवली आहे त्यांच्या गाड्या चांगल्या असूनही स्वस्तात जातात. शेव्हरोले २०१७ च्या शेवटी गेली, फोर्डने २०२१ मध्ये कारखाने बंद करायचं ठरवलं. तुमच्या गावात त्या गाड्या हाताळणारा ओळखीचा मेकॅनिक असेल तरच तिकडे वळा.

बाळ असलेल्या घराने गाडीत सगळ्यात आधी काय बघायचं?

मागची सीट. बहुतेक लोक ड्रायव्हरच्या सीटवर बसतात, स्क्रीन चालू करतात, गाणं लावून बघतात. तुम्ही मागचं दार उघडा.

सीटची पाठ आणि बैठक यांच्यामधल्या फटीत बोटं घाला. दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या हाताला लागल्या तर त्या आयसोफिक्सच्या, म्हणजे बाळाचं सीट थेट गाडीला अडकवायच्या. बाळाचं सीट त्यांत खटकन बसतं, चुकीचं बसायची शक्यता कमी होते. कड्या नसतील तर सीट बेल्टने बांधता येतं, पण मग बेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा. पुरेसा लांब आहे का, सोडल्यावर स्वतःहून आत जातो का, आणि झटका दिला की अडकतो का. मी पाहिलेल्या एका गाडीत मागचे बेल्ट सीट कव्हरच्या खाली दाबून टाकलेले होते, चार वर्षं कुणी बाहेर काढले नव्हते. कव्हर उचकटून बेल्ट ओढला तर अर्ध्यावर अडकला.

तुमच्याकडे सीट आधीच असेल तर गाडी बघायला जाताना ते घेऊनच जा. आम्ही नेलं होतं. विकणारे काका जरा चकित झाले, पण त्यांनी करू दिलं. लहान बाळाचं सीट मागे तोंड करून बसवावं लागतं आणि त्याला लांबीत फार जागा लागते. एका हॅचबॅकमध्ये आमचं सीट बसलं, पण नवऱ्याची उंची सहा फूट, त्याचे गुडघे थेट डॅशबोर्डला टेकले. ती गाडी बाकी सगळ्या बाजूंनी छान होती, तरी सोडली.

मागे तोंड करून बसवलेलं सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीही ठेवू नका. एअरबॅग फुटली तर ती नेमकी बाळाच्या डोक्यामागे आदळते.

बाळाला मांडीवर घेऊन मागे बसलं तर चालत नाही का? आम्ही सगळे तसेच वाढलो.

नाही चालत. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर ९ किलोचं बाळ शंभर किलोच्या ताकदीने पुढे ओढलं जातं. आईचे हात कितीही घट्ट असले तरी ते धरता येत नाही. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बाळाचं सीट नसेल तर १,००० रुपये दंड आहे. पण दंड नसता तरी माझं उत्तर हेच असतं.

पेट्रोल, डिझेल की सीएनजी?

महिन्याला हजार किलोमीटरच्या आत फिरणं असेल तर पेट्रोल. डोळे झाकून.

बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. पाळणाघर, ऑफिस, भाजी एवढ्यावरच चालणाऱ्या गाडीत तो तुंबतो, आणि दुरुस्ती महाग आहे.

सीएनजीने खर्च वाचतो, पण डिकी सिलिंडरने भरते. प्रॅम, डायपरची बॅग आणि गावाहून आलेलं तांदळाचं पोतं कुठे ठेवणार, याचा आधी विचार करा. कंपनीने बसवलेलं सीएनजी असेल तर उत्तम. बाहेरून बसवलेलं असेल तर आरसीवर 'पेट्रोल/सीएनजी' अशी नोंद हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, झाल्याचं प्रमाणपत्र हवं. हे दोन्ही नसेल तर ती गाडी सोडा.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दलही विचारतात. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या २० टक्के मिश्रण गृहीत धरून बनवलेल्या आहेत. त्याआधीची गाडी घेतलीत तर इंधनाचे रबरी पाइप आणि सील मेकॅनिककडून बघून घ्या, आणि अ‍ॅव्हरेज थोडं कमी धरा.

ओळखीच्यांकडून घ्यावी, डीलरकडून की ऑनलाइन?

ओळखीत मिळाली तर पहिला मान तिला, कारण गाडी कशी वापरली हे तुम्ही पाहिलेलं असतं. डीलरकडे निवड जास्त, पण त्याचा नफा किमतीत असतोच. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं, ते दाखवायला सांगा. मोठ्या ऑनलाइन कंपन्या आणि गाडी कंपन्यांची स्वतःची जुन्या गाड्यांची दुकानं वॉरंटी देतात. तिचा कागद नीट वाचा. इंजिन आणि गिअरबॉक्स सोडून बहुतेक गोष्टी वगळलेल्या असतात.

कुठूनही घेतलीत तरी आपला मेकॅनिक सोबत न्या. त्याला दोन-तीन हजार द्यावे लागले तरी द्या.

किलोमीटर मागे फिरवलेत हे कसं ओळखायचं?

मीटर मागे फिरवता येतं, पण झीज मागे फिरवता येत नाही. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टीअरिंगची वरची कड आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची बाजू बघा. मीटर ३५ हजार सांगतंय आणि पेडल गुळगुळीत झालंय, हे जुळत नाही.

मग सर्व्हिसिंगच्या नोंदी मागा. गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला जात असेल तर नंबर सांगितल्यावर मालकाला त्या मिळतात. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. गाडी २०१९ ची, मीटरवर २८ हजार, आणि चारही टायर २०२२ चे असतील तर प्रश्न विचारा. जास्त किलोमीटर झालेली गाडी वाईट असते असं मात्र नाही. हायवेवर चाललेली ८० हजारांची गाडी शहरातल्या गर्दीत घासलेल्या ४० हजारांच्या गाडीपेक्षा चांगली निघू शकते.

पुरात बुडालेली गाडी कशी ओळखायची?

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आमच्या हातून अशी एक गाडी थोडक्यात सुटली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली, त्याच सप्टेंबरमध्ये पुण्यात आंबिल ओढ्याकाठच्या सोसायट्या, जुलै २०२१ मध्ये चिपळूण, जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याची एकतानगरी. या प्रत्येक पुरात गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यांतल्या काही स्वच्छ होऊन दुसऱ्या शहरांत विकायला येतात.

आम्ही बघितलेली ती गाडी चकाचक होती. नवं सीट कव्हर, नवी मॅट, आत उग्र परफ्यूम. किंमत बाजारभावापेक्षा साठ हजारांनी कमी. आमच्या मेकॅनिकने डाव्या सीटखालचं कार्पेट कडेला धरून उचललं आणि मला म्हणाला, "ताई, हात घाला." स्पंज कोरडा होता. पण बोटं बाहेर काढली तेव्हा नखांत करडी, पिठासारखी बारीक माती अडकलेली होती. रस्त्यावरची धूळ अशी नसते, हा नदीचा गाळ होता. मग त्याने सीटच्या रुळाचे बोल्ट दाखवले, ते गंजून तांबडे झालेले. शेवटी सीटबेल्ट पूर्ण ओढला. आतल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर पाण्याची आडवी रेघ स्पष्ट दिसत होती.

तुम्हीही याच तीन जागा बघा. शिवाय डिकीतल्या स्टेपनीचा खड्डा, हेडलाइटच्या काचेआतली वाफ, आणि काचा वर करून पाच मिनिटं एसी लावल्यावर येणारा कुबट वास. अशी गाडी विकत घेताना चालते, पण वर्षभरात वायरिंगचे सांधे गंजायला लागतात. कधी काच खाली जात नाही, कधी गाडी सुरू होत नाही. एअरबॅगची वायर याच कार्पेटखालून जाते.

अपघात झालेली गाडी अजिबात घेऊ नये का?

बंपर बदललाय, दाराला पोचा होता, हा शहरातला रोजचा प्रकार आहे, त्याची भीती बाळगू नका. किंमत पाडायला उपयोगी पडतो. सांगाडा वाकून सरळ केलेला असेल तर मात्र घेऊ नका. बॉनेट उघडून ते धरणाऱ्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा आहेत का बघा. दारांची रबरं थोडी ओढून आतल्या कडेचे वेल्डिंगचे ठिपके बघा, कंपनीचे ठिपके एकसारखे गोल असतात. दोन्ही बाजूंची बॉनेटची फट सारखी आहे का तेही बघा.

टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यायची?

सकाळी जा आणि गाडी आधी सुरू करून ठेवू नका असं सांगा. बॉनेटला हात लावून ते थंड आहे याची खात्री करा, मगच चावी फिरवा. थंड इंजिन खरं बोलतं. काळा किंवा निळसर धूर, खडखड, उशिरा पकडणारा स्टार्टर हे तेव्हाच कळतं.

मग एसी लावून चढावर न्या. पुण्यात असाल तर कात्रजचा जुना घाट पुरेसा आहे. स्पीडब्रेकरवर काचा खाली करून सस्पेन्शनचा आवाज ऐका. मोकळ्या सरळ रस्त्यावर स्टीअरिंगची पकड सैल करून गाडी एका बाजूला ओढते का बघा. आणि एक फेरी तुम्ही मागे बसून काढा, कारण बाळ तिथेच बसणार आहे. मागे एसीची हवा पोचते का, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

कागदपत्रांत काय काय तपासायचं?

आरसीवरचा चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो, तो गाडीवर कोरलेल्या नंबराशी अक्षर न अक्षर जुळवा. एमपरिवहन अ‍ॅपमध्ये गाडीचा नंबर टाकला की मालक कितवा, इन्शुरन्स आणि पीयूसी कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, हे दिसतं. ई-चलनं वेगळी तपासा. थकलेला दंड विकणाऱ्याने भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसली आहे का तेही बघून घ्या. गाडी आधी टॅक्सी होती का, हेही विचारा.

बोजाबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगते. एका डीलरने आम्हाला सांगितलं, "कर्ज फिटलंय मॅडम, फक्त सिस्टीमला अपडेट व्हायचंय," आणि वीस हजार बयाणा घेतला. बँकेची एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचं ना हरकत पत्र, मागितली तर आज देतो, उद्या देतो. पाच आठवडे गेले. शेवटी कळलं की मूळ मालकाचे नऊ हप्ते बाकी होते. बयाणा परत मिळवायला आणखी दोन महिने लागले, आणि त्या काळात मी तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन चार वेळा त्या दुकानाच्या पायऱ्या चढले. त्यामुळे बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्यासाठीचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. पूर्ण पैसे देताना सह्या झालेले फॉर्म, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी आणि दोन्ही चाव्या घ्या, आणि तारीख-वेळ लिहिलेली ताबा पावती करा.

दिल्लीच्या गाड्या खूप स्वस्त मिळतात. घ्यावी का?

दिल्लीत जुन्या डिझेल आणि पेट्रोल गाड्यांवर वयाची बंधनं आली, म्हणून त्या बाहेर विकल्या जातात. पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथली नव्याने नोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरला की स्वस्ताई बरीचशी संपते. कागदांचे हेलपाटे वेगळे. घरात बाळ असताना तेवढा वेळ कुणाकडे असतो? मी नको म्हणते.

चालू इन्शुरन्स आपोआप आपल्या नावावर होतो का?

थर्ड पार्टी भाग, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरणारा, गाडीबरोबर येतो. तुमच्या गाडीच्या नुकसानीचा भाग येत नाही, त्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. नो क्लेम बोनस, म्हणजे आधी भरपाई न मागितल्याबद्दलची सूट, जुन्या मालकाचा असतो, तो तुम्हाला मिळणार नाही. त्यामुळे हप्ता थोडा वाढेल.

घासाघीस किती करावी?

दोष दाखवून करा, नुसती करू नका. "टायर चारही बदलावे लागतील, त्याचे एवढे होतात," असं बोललं की समोरचा ऐकतो. आमच्या गाडीचे मालक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती फाइलला लावलेली होती. तिथे आम्ही फक्त टायरचे पैसे कमी करून मागितले, आणि त्यांनी लगेच दिले.

गाडी घरी आली. पहिल्या महिन्यात काय करायचं?

इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल सगळं बदला, आधीचा मालक काहीही म्हणो. एसीचा केबिन फिल्टर न विसरता बदला, बाळ तीच हवा घेतं. सीट कव्हर काढून आतून गाडी ओल्या कापडाने पुसून उन्हात दारं उघडी ठेवा. स्टेपनीत हवा आणि डिकीत जॅक-पाना आहे का बघा. जुन्या मालकाचा फास्टॅग त्यांना बंद करायला सांगा, मगच तुमचा निघेल.

आणि मागचं दार उघडून त्याच्या कडेला कुलपाजवळ बघा. तिथे एक छोटा खटका असतो, काही गाड्यांत तो किल्लीने फिरवावा लागतो. तो चाइल्ड लॉक. तो लावा, दार बंद करा, स्वतः मागे बसून आतून दार उघडत नाही ना ते बघा. दुसऱ्या बाजूलाही तेच करा.